तीन गाठींची तार

वृद्धाश्रमाच्या हिरवळीला पाणी सोडणारा टायमर जळाला, आणि नवा बसवायचं काम तिच्या दिराकडे आलं. जुना उतरवताना कुठली तार कुठे होती ते टिपून ठेवायचं मात्र राहून गेलं. लाल कॉमन, म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हची सामाईक तार, धरायची, बाकीच्या ओळीने, त्यात काय टिपायचंय, असं म्हणत त्याने तारा जोडल्या आणि बटण दाबलं. जमिनीतले व्हॉल्व्ह नुसते गुणगुणले. एकाही फवाऱ्याने तोंड उघडलं नाही.

तासभर डोकं खाजवून त्याने वहिनीला फोन लावला. दादाची वही असेल तर घेऊन या म्हणाला. वही नव्हतीच, पण ती आली.

तिच्या नवऱ्याला, मिस्त्रींना, जाऊन चार महिने झाले होते. इथली जुनी जोडणी त्यांच्याच हातची. दोघे भाऊ एकाच धंद्यातले, पण एकत्र काम कधी केलं नाही. लोक म्हणत, भावाभावांचं पटत नाही. खरं कारण तिला ठाऊक होतं.

मिस्त्रींना लाल, हिरवा, तपकिरी सगळे सारखेच दिसत. हे फुटलं असतं तर वायरमन म्हणून कुणी दारात उभं केलं नसतं. लग्नाच्या आठव्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं आणि वचन घेतलं, की भावालासुद्धा कळता कामा नये. तिने ते व्रतासारखं पाळलं. घरी तारांची जुडगी बांधताना ती समोर बसून रंग सांगायची, ते गाठ मारायचे. पुढे रंग विचारणंही सुटलं, बोटंच त्यांचे डोळे झाली.

दीर पेटीसमोर उकिडवा बसला होता, शेजारी मॅनेजरबाई उभ्या होत्या.

"रागावू नका वहिनी, पण दादाने घोळ घालून ठेवलाय. कुठल्याही रंगाची तार कुठेही. वर या गाठी, उंदरांचं लग्न लागल्यासारख्या."

आपण तर त्यांना फार काटेकोर समजत होतो, असं मॅनेजरबाई हळहळत म्हणाल्या. दिराने कटर उचललं. गाठींचा भाग छाटून नवी टोकं काढतो म्हणाला.

ती पेटीजवळ सरकली. बोलावं तर वचन मोडतं. गप्प बसावं तर त्यांच्या हातची शिस्त कचऱ्यात जाते, आणि मागे नाव उरतं ते गबाळ्याचं.

"थांबा, भावजी."

ती खाली बसली, डोळे मिटले आणि तारा बोटांत घेतल्या. फाटकापासून आत मोजत जायची त्यांची रीत तिला पाठ होती. बिनगाठीची कॉमन. एक गाठ फाटकाकडची, दोन मधली, तीन बाकांजवळची. ती सांगत गेली, दीर जोडत गेला. बटण दाबताच फाटकाकडचे फवारे उठले. मग मधले. म्हणजे चूक नव्हती तर, असं म्हणून मॅनेजरबाई बाकांवरच्या आजोबांना उठवायला धावल्या.

वेळ किती लावू, हे त्याने विचारलं. पहाटे पाच, सात-सात मिनिटं, ती म्हणाली. सहाला म्हातारी माणसं फिरायला येतात, त्यांचे पाय भिजायला नकोत, असं ते म्हणायचे.

आकडे भरून झाल्यावर दीर गाठींकडे बघत राहिला.

"रंग दिलेले असताना गाठी कशाला, वहिनी?"

ती पेटीतल्या तारा सरळ करत राहिली.

"लहानपणी झाडावर दादा चढायचा," तो हळूहळू म्हणाला, "पण फळ पिकलंय का, ते दरवेळी खालून मला सांगायला लावायचा. मी त्याला आळशी म्हणून चिडवायचो." त्याने एका गाठीवरून अंगठा फिरवला. "मला सांगायचं तरी."

वचन अजून तिच्यापाशीच होतं. दिराने गाठींसकट तारा नीट आत बसवल्या, झाकण लावलं आणि उगाचच पुसत बसला.

बाकांजवळचे फवारे सुरू झाले. रोज कामावर निघताना मिस्त्री विचारायचे, आज तुझी शाल कुठली. ती रंग सांगायची. मग संध्याकाळी चारचौघांत ते ऐटीत म्हणायचे, ही हिरवी हिला काय शोभते बघा. चार महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. हाताला लागेल ती शाल ओढून ती बाहेर पडायची.

तिने खांद्याकडे पाहिलं.

"अहो, आज तपकिरी," ती पुटपुटली.