ते रापाच्या शिलाई मशीनचा राग

मित्रांनो, मी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरातल्या ‘ते रापा’ नावाच्या भागातलं एक जुनं शिलाई मशीन आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म जपानमधला. जहाजातून इकडे आलो तेव्हा इथल्या कपड्यांच्या कारखान्याच्या मालकाने, ग्रॅहमने, स्वतःच्या हाताने मला तेल घातलं. तिथे सरकारी इस्पितळांसाठी गाऊन शिवले जात. माझी शिवण पक्की म्हणून सगळे कौतुक करत.

२००३ साली पुण्याहून आलेली दमयंती माझ्यापुढे बसू लागली. शिवणकामाचा डिप्लोमा तिच्याकडे होता, पण इथे तो कुणी विचारला नाही. दोरा तुटला की ती मला मराठीत रागवायची आणि शेजारच्या, सामोआ बेटांवरून आलेल्या बायका हसायच्या. तिचा नवरा शशिकांत जवळच्याच दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. संध्याकाळी तो तिला न्यायला यायचा.

२००८ साली चीनशी मुक्त व्यापाराचा करार झाला. इथली दूध पावडर तिकडे कमी करात जाणार आणि तिकडचे कपडे इकडे कमी करात येणार, असं ठरलं. शशिकांत खूश होता.

“अगं, एवढासा देश हा. बाहेर विकलं नाही तर खाणार काय? शाळा, रस्ते, पेन्शन, सगळं एक्स्पोर्टवरच तर चालतं.”

“आणि माझं काम कशावर चालायचं?” दमयंतीने विचारलं.

त्याने तिची पिशवी उचलली आणि तो दाराकडे निघाला.

पुढे इस्पितळांच्या गाऊनची ऑर्डर परदेशी कारखान्याकडे गेली. सरकारी पैसा वाचवायचा होता म्हणे. ग्रॅहमने कारखाना बंद करायचं जाहीर केलं. मग राजधानी वेलिंग्टनहून एक सरकारी अधिकारी आला आणि आम्हा मशीनांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, “काहींना त्रास होईल, पण एकूण देशाचा फायदाच आहे.”

दमयंती उठली. तिने शांतपणे इंग्रजीत विचारलं, “सर, त्या एकूण देशात आम्हाला धरलंय का?”

त्याने कागद चाळले. “नोकरीचा अर्ज कसा लिहावा, याचं शिबिर तुमच्यासाठी ठेवलं आहे.”

दारात थांबलेला शशिकांत पुढे आला. “या करारामुळे माझी नोकरी पक्की झाली. मी त्याच्या विरोधात नाही. पण सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षं शिल्लक राहत होती, हे तुम्हीच सांगत आलात. त्यातून यांना नवं काम नीट शिकवा. त्यासाठी माझा कर वाढला तरी चालेल.”

“मी वर कळवतो,” अधिकारी म्हणाला. चहा पिऊन तो गेला. वरून काहीच आलं नाही.

तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. चांगला होता, नम्र होता आणि निघताना त्याने सगळ्यांशी हात मिळवले. याचाच मला जास्त संताप येतो.

माणसांनी आम्हाला टेबलांवरून उखडून ट्रकमध्ये टाकलं. दमयंतीने ग्रॅहमकडून मला मागून घेतलं. आता मी तिच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली असतो. ती मॉलमधल्या दुकानात परदेशातून आलेल्या कपड्यांच्या घड्या घालते. घरी आल्यावर शिवायला बसायचं तिच्या मनात येत नाही.

मित्रांनो, मला तेल घाला असं माझं मागणं नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि अशा करारावर सही करायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा ज्यांचं काम जाणार आहे, त्यांच्यासमोर आधी जाऊन बसा. त्यांना काय देणार, ते त्याच कागदावर लिहा. ते लिहिता येत नसेल, तर पेन खाली ठेवा.