मी फक्त ‘चालू आहे’ म्हणालो

मी एक जुना कर्णा आहे. लग्नाच्या मांडवात गाणी ओकणारा नव्हे, मित्रांनो. मी गणकयंत्राचा कर्णा. एका मोडक्या रेडिओतून मला काढले आणि उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात, खोलीभर पसरलेल्या यंत्राला जोडले. यंत्र गणित करू लागले की त्याची धडधड माझ्यातून सूर होऊन बाहेर पडे. यंत्र थांबले की मी गप्प. याहून जास्त मला काही कळत नव्हते, आणि ते मी कधी लपवलेही नाही.

पण माणसांचे एवढ्याने भागत नाही. यंत्र चालवणारा विल्फ्रेड ऑग्डन गिरणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. सूर चढत-उतरत असला तर तो खुशाल चहात बिस्किट बुडवी. एकसुरी आवाज लांबला की म्हणे, "अडकलं! गोल गोल फिरतंय येडं," आणि थांबवायची कळ दाबे. सगळे त्याच्या कानाची वाहवा करीत. माझ्यावरची धूळ मात्र कोणी पुसली नाही.

मग एनिड थ्वेट आली. गणितातला एक जुना नियम सगळे खरा मानत. तो मोडणारी संख्या ती यंत्राकडून शोधून घेणार होती. एकेक संख्या तपासायची; सापडली की छापून थांबायचे. हा सूर्य, हा जयद्रथ! अशी संख्या नसलीच, तर यंत्र कधीच थांबणार नव्हते. उन्हाळ्यात तिची नेमणूक संपत होती. संख्या मिळाली तर ती टिकणार होती, नाहीतर घरी.

प्रत्येक संख्येला तीच तपासणी, म्हणून माझा सूरही तोच. एनिड देव पाण्यात ठेवून बसली. चार वाजता चहाची गाडी आली, चहा संपला, तरी सूर हलेना.

"अडकलं बाई तुमचं," विल्फ्रेड म्हणाला.

"नाही हो! आवाज तोच असला तरी संख्या पुढची आहे. चालू द्या ना."

"माझा कान आजवर चुकला नाही."

"चुकला तर कळणार कसं? तुम्ही बंद पाडलेलं नंतर कोणी चालवून पाहिलंय?"

विल्फ्रेडचा चेहरा पडला. तेवढ्यात विभागप्रमुख गार्साइड कप घेऊन आले. त्यांचे सारे नाव त्याच जुन्या नियमावर उभे होते.

"भांडण कशाला, मिस थ्वेट? आपण एक परीक्षक प्रोग्रामच लिहू. दुसऱ्याचा प्रोग्राम पोटात चालवून पाहील आणि तो थांबेल की नाही ते सांगेल."

"आणि पोटातला थांबलाच नाही तर, सर? परीक्षकही वाट बघत बसेल. आपल्यासारखाच."

"मग न चालवताच ओळखणारा लिहू."

"लिहा की. मी त्यालाच 'माझं काय होईल?' असं स्वतःबद्दल विचारणारा प्रोग्राम लिहिते. तो म्हणाला 'हा थांबेल', तर माझा फिरत राहील. म्हणाला 'फिरत राहील', तर माझा लगेच थांबेल. काहीही म्हणाला तरी तो चुकणारच. आता बोला!"

गार्साइड हसले नाहीत. "मग विल्फ्रेडचा कान काय वाईट आहे?" ते म्हणाले, आणि त्यांनी विल्फ्रेडला मानेनेच 'बंद कर' अशी खूण केली.

विल्फ्रेडने कळ दाबली. मी मुका झालो. यंत्रातले सगळे पुसले गेले. अडकलेल्या प्रोग्रामला पुन्हा यंत्र द्यायचे नाही, असा तिथला रिवाज होता. एनिडने आपला प्रोग्राम भोके पाडून लिहिलेली कागदी पट्टी गुंडाळून कपाटात ठेवली. उन्हाळ्यानंतर ती कुठल्याशा मुलींच्या शाळेत बेरजा शिकवू लागली, असे कानावर आले. मला फार वाईट वाटले. कर्ण्याला वाईट वाटते, मित्रांनो.

पुढे नवे, वेगवान यंत्र आले आणि मीही त्याच कपाटात गेलो. एके दिवशी नव्या यंत्राची चाचणी घ्यायला कोणीतरी तिची पट्टी उचलून नेली. ती चालली, आणि थांबली. संख्या सापडली! शोध पट्टी चालवणाऱ्याच्या नावावर लागला. गार्साइड म्हणाले, "मला वाटलंच होतं."

आता मी संग्रहालयात काचेआड आहे. म्हातारा विल्फ्रेड कधी येतो आणि मुलांना सांगतो, "हा मला सांगायचा, अडकलं म्हणून. कधी खोटं बोलला नाही." माझी तार कापलेली आहे, नाहीतर तिथेच ओरडलो असतो. मी तसे एकदाही म्हणालो नाही. मी म्हणत होतो, चालू आहे, चालू आहे.

मित्रांनो, कधीच न संपणाऱ्या आणि उशिरा संपणाऱ्या कामाचा सूर एकच असतो. कळ दाबायची तर दाबा; तुम्हाला वेळ नसेल. पण मग 'मला वेळ नव्हता' असे म्हणा. 'ते थांबणारच नव्हते' हे माझ्या नावावर खपवू नका.