चांदीच्या कड्यांची रायफल

विलासने रुमाल सोडून रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं, तेव्हा अलीमियाँनी आधी डोळे मिटले. मग उघडले, पण एकच.

"ये क्या किया?"

"पॉलिश," विलास म्हणाला.

विलास आखातात, सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये स्टीलचे कठडे बफच्या फिरत्या चाकावर धरून चमकवायचा. मनामातल्या कितीतरी जिन्यांवर माणसं त्याच्या कामाला हात लावून वर चढत. विकायची वस्तू आधी लख्ख करायची, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याने रिव्हॉल्व्हर बफवर धरलं आणि वरचा काळपट निळा रंग, कारखान्याचं नाव, कुठल्याशा जुन्या पलटणीचा शिक्का, सगळं मनापासून घासून काढलं. आता त्यात अलीमियाँचा चेहरा दिसत होता आणि तो प्रसन्न नव्हता.

मुहर्रकच्या बाजारातल्या या दुकानात जुनी हत्यारं शोभेसाठी विकली जात. अलीमियाँनी शांतपणे समजावलं, की गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या काळपटपणाचे, त्या शिक्क्याचे. "बुढ़िया लाने को बोला था," ते म्हणाले, "तुम दुल्हन बना के लाया."

आणि त्यांनी गेल्या आठवड्यात सांगितलेली किंमत निम्मी केली.

रिव्हॉल्व्हर विलासला वर्कशॉपच्या जुन्या इंग्रज मॅनेजरने मायदेशी परतताना भेट दिलं होतं. नळीत शिसं ओतलेलं, कागदपत्रं चोख. त्या हत्याराने कुणाचा जीव घ्यायचा तर ते उंचावरून डोक्यात पडायला हवं होतं. विलासला ते विकायचं होतं, कारण दुकानाच्या भिंतीवरची चांदीच्या कड्यांची जुनी रायफल त्याला घ्यायची होती. तिचीही नळी कायमची बुजवलेली होती. रायफलीवर त्याचं काडीचंही प्रेम नव्हतं. ती मयुरेशला मिळू नये, एवढंच त्याला हवं होतं.

मयुरेश माहूजला राहायचा. मूळचा पुण्याचा, विमा कंपनीत अकाउंटंट. त्याच्या हॉलची एक भिंत तलवारी आणि खंजिरांनी भरलेली होती. त्या भिंतीतले ब्रॅकेट विलासने एका सुट्टीच्या दिवशी जाऊन बसवले. मधले दोन रिकामे होते. तिथे ही रायफल येणार, असं मयुरेश त्याला तीनदा म्हणाला. अलीमियाँशी घासाघीस चालू आहे, म्हातारा वितळतोय.

काम संपलं तेव्हा जेवायची वेळ झाली होती. जेवूनच जा, असा आग्रह झाला. तेवढ्यात मयुरेशच्या ऑफिसातली मंडळी आली. हॉलमध्ये पानं मांडली गेली, आणि मयुरेशच्या बायकोने, निवेदिताने, विलासचं ताट आतल्या वॉशिंग मशीनवर ठेवलं. मशीन चालू होतं. ते पिळायला लागलं तसं ताटातलं वरण भाताभोवती प्रदक्षिणा घालू लागलं. लोणच्याची फोड काठावरून उडी मारून गेली. विलास एका हाताने ताट धरून दुसऱ्याने जेवत होता. बाहेरून कुणीतरी विचारलं, आत कोण आहे? "कुणी नाही," मयुरेश म्हणाला, "भिंतीचा माणूस आहे."

वरण विलासने कधीच माफ केलं. ते "कुणी नाही" मात्र त्याला अजून पचलं नव्हतं.

तर किंमत निम्मी झाली. उरलेले पैसे कुठून आणायचे? कंपनी रजेचं विमानाचं तिकीट तरी द्यायची, नाहीतर तेवढी रोकड. यंदा शिमग्याला विलास गावी जाणार होता. संगमेश्वराजवळच्या त्याच्या गावात पालखी घरोघर फिरते, आणि ती त्याच्या अंगणात येते तेव्हा पुढच्या दांड्याला खांदा घरातल्या थोरल्याचा असतो. विलासने रोकड घेतली. बायकोला, लक्ष्मीला, फोनवर सांगितलं, की रजा नामंजूर झाली.

"अशी कशी नामंजूर? त्या सायबाला पालखी ठावं नाय काय?"

"अरबी हाय तो. त्याला कसली पालखी?"

"तुमी नीट सांगितलं नसेल," लक्ष्मी म्हणाली.

रायफल कंपनीच्या कामगार कॅम्पात आली. गेटवरच्या पहारेकऱ्याने ती पडद्याची काठी समजून सोडली. अरुंद बंकवर निम्मी जागा तिची झाल्याने विलास तिच्याशेजारी पाय मुडपून झोपू लागला. खोलीतला नुमान, लखनौचा वेल्डर, रोज विचारायचा की भाभी कैसी हैं.

शेवटी मयुरेशचा फोन आला. रायफल कुणी नेली ते अलीमियाँनी सांगितलं होतं. भेटायचं आहे, शुक्रवारी दुपारी येतो, म्हणाला. विलासने तयारी सुरू केली. सुरमईचं कालवण केलं. नुमानला सांगून कॅम्पाच्या सामायिक वॉशिंग मशीनमध्ये खोलीतल्या सगळ्यांचे, धुतलेले आणि न धुतलेले, कपडे कोंबले. पाहुणा आला की मशीन पिळायला लागलं पाहिजे, अशी वेळ साधायची होती. नुमानने कारण विचारलं नाही. खोलीत रायफल घेऊन झोपणाऱ्याला तो फारसं काही विचारत नसे.

मयुरेश आला. विलासने त्याचं ताट मशीनवर ठेवलं. मशीन थरथरलं, कालवण डचमळलं. मयुरेशने एका हाताने ताट धरलं आणि जेवू लागला. पुन्हा भात मागितला.

"काय सुरेख झालंय हो," तो म्हणाला. "असं उभ्याने जेवायची गंमतच वेगळी."

विलासने भात वाढला. मग म्हणाला, "तुमच्याकडं मी असाच जेवलो व्हतो. मशीनवर."

मयुरेशने घास खाली ठेवला. तो खरोखर आठवू लागला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि तो खोटं बोलत नाही हे विलासला स्पष्ट दिसलं. हेच सगळ्यात वाईट होतं.

"तुम्ही आमच्याकडे जेवलात? नाही हो. तो प्लंबर असेल."

"आणि रायफल?"

"अहो, ती ठेवा तुम्हाला. मी वेगळ्याच कामाला आलोय. निवेदिता म्हणते, भिंतीवर आता मोठा टीव्ही लावू. ते ब्रॅकेट काढायचेत. भोकं तुमची, तेव्हा म्हटलं तुम्हीच या."

मशीन थांबलं. विलासने त्याच्या हातातलं ताट घेतलं, विसळून पालथं ठेवलं.

"येईन," तो म्हणाला. "जेवून येईन."

"छान, म्हणजे निवांत काम होईल," मयुरेश म्हणाला आणि गाडीकडे गेला.

मशीनमधून इतके कपडे निघाले, की बाहेरची दोरी पुरेना. नुमानने विलासकडे एकदा पाहिलं, रायफल उचलली आणि समोरासमोरच्या दोन वरच्या बंकांवर आडवी टाकली. तिच्यावर लुंग्या, बनियन, वर्कशॉपचे निळे शर्ट लागले. रायफल जराही वाकली नाही.

तेवढ्यात लक्ष्मीचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात ढोल चालू होता. पालखी आली होती आणि पुढच्या दांड्याला विलासचा धाकटा भाऊ होता. लक्ष्मीने फोन पालखीकडे फिरवला.

विलासने पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. फोन दोन्ही हातांत धरून तो कपड्यांखाली ताठ उभा राहिला. वरून नुमानच्या शर्टाचं पाणी त्याच्या मानेवर ठिबकत होतं. ढोल थांबेपर्यंत त्याने ते पुसलं नाही.