खुरप्याची तिसरी ताकीद

झाडं लावणारी माणसं शांत असतात, असं ज्याने कुणी म्हटलंय त्याने आमचा ग्रुप पाहिलेला नाही. ग्रुपचं नाव ‘हिरवी मनं’. मनांचं माहीत नाही, जिभा मात्र काटेरी. कुंडीला भोक एक असावं की तीन, यावरून एका निवृत्त प्राध्यापकाने एका नव्या मुलीला रडवलं. साबणाचं पाणी फवारावं की नाही, यावरून दोन सख्ख्या बहिणींचं बोलणं बंद झालं, ते अजून बंदच आहे.

हे निस्तरायला आम्ही तिघं अ‍ॅडमिन. ग्रुप काढला एका दंतवैद्याने. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचं आणि घरी येऊन लोकांची तोंडं बंद करायची, असा त्याचा दिनक्रम. दुसरा निवृत्त कॅशियर, त्याला जिथे तिथे चोर दिसतो. तिसरी मी. नियम दंतवैद्याचे: अपशब्द नाही, कुणाला वैयक्तिक बोलायचं नाही, दावा केला तर स्वतः काढलेला फोटो पुराव्याला जोडायचा. तीन ताकिदी झाल्या की कायमची हकालपट्टी. ताकिदी लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी म्हणे साखरेत घोळून लिहिते.

ही कला मी घरी शिकले. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवशी नवऱ्याने आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, "एकमेकींना काही बोलायचं नाही. काही खुपलं तर मला सांगा, मी पोचवतो." तेव्हापासून पोचलेलं काहीही नाही. मी सांगितलेलं त्याच्या एका कानातून बाहेर गेलं, त्यांनी सांगितलेलं दुसऱ्यातून. त्या "हो" म्हणतात, मी "चालेल" म्हणते. आला-गेला म्हणतो, काय गुण्यागोविंदाने राहता हो. नवरा कॉलर ताठ करतो. मला कधी कधी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, पण तेही बहुतेक त्याच्यामार्फतच आपटावं लागेल.

तर ग्रुपात ‘खुरपं’ नावाचं एक सभासद होतं. ना चेहरा, ना पत्ता. कुणी सुकलेल्या गुलाबाचा फोटो टाकला की बाकीचे ‘वा, काय रंग’ करायचे आणि खुरपं लिहायचं, ‘याला पाणी नको, खांदेकरी हवेत.’ कुणी हळहळलं की माझ्या हातालाच गुण नाही, तर खुरपं म्हणायचं, ‘हाताला नाही, अकलेला.’ मी ऑफिसात तोंड दाबून हसायचे आणि मग साळसूदपणे ताकीद लिहायचे: ‘आपल्या भावना पोचल्या. शब्द जरा मऊ करता येतील का?’ अशा दोन झाल्या. दंतवैद्य तिसरीवर टपून बसला होता. मला मात्र खुरपं जायला नको होतं, खोटं कशाला बोलू. त्या सगळ्या पाकात तेवढाच एक मिरचीचा तुकडा होता.

मग माझ्या टोमॅटोची पानं पिवळी पडली. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी फोटो टाकून लिहिलं, ‘रोज सकाळी न चुकता पाणी घालते. संध्याकाळी कामावरून येते तेव्हाही माती ओलीच असते, म्हणजे पाणी कमी नाही. मग रोप रुसलंय का?’ त्याच्याशी प्रेमाने बोला, असा सल्ला ढिगाने आला. आणि खाली खुरपं.

‘अगं भवाने, संध्याकाळी मी घालते ना पाणी. सकाळी तू, संध्याकाळी मी, मुळं कुजली त्याची. विचारायला तोंड शिवलं होतं का तुझं?’

दंतवैद्य तत्परतेने हजर: ‘दाव्याला पुरावा?’

खट्. फोटो काढल्याचा आवाज मला आधी भिंतीपलीकडून ऐकू आला. फोटो नंतर आला. माझाच टोमॅटो, पण पाठीमागून, आतल्या खोलीच्या खिडकीतून काढलेला. बाजूला माझ्या निळ्या चपला.

‘ताई, तुमच्या बाल्कनीत कुणीतरी शिरतंय,’ कॅशियरने लिहिलं. ‘आधी कपाट तपासा.’

मी कपाट न तपासता आतल्या खोलीत गेले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातात.

"त्या दोन्ही ताकिदी तूच लिहिल्यास होय?"

"हो."

"वाटलंच मला. इतकं गुळमुळीत आपल्याच घरात बोलतात."

"आई, पाण्याचं मला सांगायचं नाही का?"

"त्याला सांगितलं होतं, संध्याकाळचं मी बघते म्हणून. म्हणाला, सांगतो तिला."

"मीही त्यालाच सांगितलं होतं, सकाळचं मी बघते म्हणून."

आम्ही दोघींनीही बाथरूमच्या दाराकडे बघितलं. आत नवरा शीळ घालत अंघोळ करत होता.

माझा फोन वाजला. दंतवैद्य: ‘वैयक्तिक अपशब्द. तिसरी ताकीद. काढून टाका.’ खाली कॅशियरचा अंगठा. मी फोन सासूबाईंपुढे धरला. त्यांनी सावकाश वाचलं.

"काढणार मला?"

"नियम आहे."

"मग काढ." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "एक सांगते फक्त. तुझे सासरे गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. तिथे चार लोक मला शिव्या घालायचे. तेवढ्यापुरतं वाटायचं, आहे मी अजून."

दोन वर्षं या बाईला मी ‘चालेल’ म्हणत होते आणि त्यालाच चांगुलपणा समजत होते. ‘आमची घरातली थट्टा आहे’ अशी एक थाप मारली असती तर दंतवैद्य गप्प बसला असता. खुरपं राहिलं असतं, त्या इथे पलंगावर बसून जगाला झोडपत राहिल्या असत्या, मी भिंतीपलीकडे हसत राहिले असते, आणि जेवताना आम्ही पुन्हा हो-चालेल. मी बटण दाबलं.

त्या बघतच राहिल्या. "खरंच काढलंस की गं."

"हो. आता तिथे नाही. इथे बोलायचं. मला, तोंडावर."

"झेपेल तुला?"

"बघू."

त्यांनी चष्मा परत लावला, उठल्या, बाल्कनीत जाऊन टोमॅटोपुढे उभ्या राहिल्या. "मग ऐक. तुझा चहा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी आहे. दोन वर्षं गिळतेय."

"आणि तुमचा टीव्ही? उजाडत नाही तोच कानाशी बोंबलतो, तो मी दोन वर्षं गिळतेय."

"मग बंद कर म्हणायचं ना, जीभ झिजली असती?"

"तुम्ही चहा स्वतः केला असतात तर हात झिजले असते?"

समोरच्या बाल्कनीतल्या शिंपिणीने मशीन थांबवलं. माझा घसा इतक्या दिवसांनी असा मोकळा झाला की मला थांबवेना. सासूबाईंचे गाल लाल झाले होते, आणि त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

तेवढ्यात नवरा टॉवेल गुंडाळून, कानात फेस घेऊन धावत आला. दोन्ही हात वर. "शांत, शांत. एकमेकींशी नको. आधी मला सांगा, मी—"

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "ही तुला पहिली ताकीद."

"दुसरी," मी म्हटलं. "पहिली टोमॅटोची."