सहदेवमामांच्या दोन माळा

मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे, पण गळ्यात घालायची नव्हे. भांडुपमधल्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिथल्या कपाटात मी राहते. माझ्या अंगावर अठरा काळे लाकडी मणी आहेत, त्यांना चिकटलेले चिमुकले पांढरे मणी आहेत आणि एका टोकाला दोन लाल. काळे म्हणजे कार्बन, पांढरे हायड्रोजन, लाल ऑक्सिजन. मी खाण्याच्या तेलात असणाऱ्या ओलेइक आम्ल नावाच्या मेदाम्लाची प्रतिकृती आहे.

मला घडवलं सहदेवमामांनी. ते प्रयोगशाळेत परिचर होते. त्यांचे वडील गिरणीत लागले तेव्हा सगळं घर कोकणातून इकडे आलं होतं. मामा स्वतः नववीपुढे शिकले नव्हते. मी घडले त्या वर्षी मालन मॅडम कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नव्याने लागल्या होत्या. फळ्यावर मेदाम्लांची आकृती काढली की मुलं ती वहीत उतरवून घेत आणि चार दिवसांत विसरून जात. मॅडमनी हे मामांना बोलून दाखवलं. मामांनी बाजारातून मण्यांचा जुना पडदा आणला, तो उसवला आणि तांब्याच्या तारेत मणी ओवायला घेतले.

आधी झाली माझी बहीण, स्टिअरिक आम्ल. कार्बनला चार हात असतात. लाल मण्यांचं टोक सोडलं, तर बहिणीच्या प्रत्येक कार्बनने शेजाऱ्यांना एकेका हाताने धरलं होतं आणि उरलेल्या सगळ्या हातांत हायड्रोजन होते. एकही हात रिकामा नाही, म्हणून ती संपृक्त. मग मी. माझ्या मधल्या दोन कार्बनांचा एकेक हायड्रोजन मॅडमनी काढायला लावला. रिकाम्या झालेल्या त्या हातांनी एकमेकांनाच धरलं. तो दुहेरी बंध. त्यामुळे मी असंपृक्त. त्या जागी मी कोपरासारखी वाकले. आपल्या हातून माळ बिघडली असं मामांना वाटलं. मॅडम म्हणाल्या, हा बाकच तर मुलांना दाखवायचाय.

बाकाचं महत्त्व मात्र मामांनीच सोपं करून सांगितलं. सरळ लाकडांची मोळी घट्ट बसते, वाकड्या फांद्यांची कितीही आवळा, सैल ती सैलच. ते ऐकून मॅडमनी तसंच शिकवायला सुरुवात केली. माझ्या बहिणीसारखे सरळ रेणू एकमेकांना खेटून बसतात, म्हणून तूप, लोणी थिजतं. माझ्यासारखे वाकडे रेणू तसे बसत नाहीत, म्हणून शेंगदाण्याचं, करडईचं तेल वाहतं राहतं. कारखान्यात तेलाच्या रेणूंमधला हा दुहेरी बंध सोडवून मोकळ्या झालेल्या हातांत हायड्रोजन भरला की त्याचं घट्ट वनस्पती तूप होतं.

वीस वर्षं आम्ही दोघी वर्गात गेलो. मुलांनी आम्हाला हाताळलं, मणी मोजले, आमच्यावरून ती भांडलीसुद्धा. मग भिंतीवर मोठा पडदा आला, त्यावर रेणू आपोआप फिरू लागले आणि आम्ही कपाटाच्या तळाशी गेलो. मामा तेवढे दर शनिवारी आमच्यावरची धूळ पुसत.

एका एप्रिलमध्ये मामांना हृदयविकाराचा झटका आला. जूनमध्ये ते परतले तेव्हा शर्ट खांद्यावरून उतरत होता. डॉक्टरांनी बरीच कारणं सांगितली होती. विड्या होत्या, वडीलही हृदयविकारानेच गेले होते आणि रोज संध्याकाळी नाक्यावरल्या गाडीवरची वनस्पती तुपात तळलेली भजी होती.

त्या पावसाळ्यात मॅडम मेदाम्लं शिकवत होत्या. संपृक्त मेद शरीराला लागतो, पण वर्षानुवर्षं जास्त खाल्ला की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, इथवर त्या आल्या आणि थांबल्या. मामा मागच्या बेसिनवर परीक्षानळ्या धूत होते. मॅडमनी पुस्तकाचं पान उलटलं. मामांनी नळ बंद केला, हात पुसले, कपाटातून आम्हाला दोघींना काढलं आणि टेबलावर आणून ठेवलं.

"गाळू नका मॅडम. सांगा पोरांना," ते म्हणाले. "वीस वर्षं ह्या माळा मीच वर्गात आणून दिल्या. सगळं पाठ आहे मला. पण संध्याकाळी जाऊन खायचं तेच खाल्लं. तेवढं पण सांगा त्यांना."

मॅडमनी मान खाली घातली, मग उरलेला धडा शिकवला. मामा शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मामा गेले. कॉलेज उघडल्यावर त्यांची मुलगी मानसी त्यांचं सामान न्यायला आली. कप, चष्मा, छत्री, एवढंच होतं. मॅडमनी ते तिच्या पिशवीत भरलं आणि आणखी काही हवंय का, असं विचारलं. मानसी कपाटाशी आली आणि तिने माझ्या बहिणीवर बोट ठेवलं.

"आईने ही मागितलीय. आजारपणानंतर बाबांनी एकदा ही घरी आणली होती. आईला समोर बसवून सगळं समजावलं. ती हसली तेव्हा. म्हणाली, एवढं ठाऊक होतं तर इतकी वर्षं का नाही सांगितलंत."

मॅडमनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं. एकीवाचून दुसरी अपुरी, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. तरी त्यांनी माझ्या बहिणीला वर्तमानपत्रात गुंडाळून मानसीच्या हातात दिलं.

आता मेदाम्लांचा धडा आला की मॅडम पडदा बंद ठेवतात. उजव्या हातात मला धरतात. डावा हात रिकामाच वर करतात आणि मुलांना सांगतात, इथे एक सरळ माळ आहे असं समजा. मुलं त्या रिकाम्या हाताकडे बघत राहतात.

मित्रांनो, माझा दुहेरी बंध तुम्हाला परीक्षेत दोन गुण मिळवून देईल. ते जरूर मिळवा. पण जे कळलंय ते त्याच संध्याकाळी घरी जाऊन आपल्या माणसांना सांगा.