चौथी ओळ

"पहारी घाला रं, पहारी घाला, होऽ"

मिर्को मुकादमाची ही हाक ड्युल्सीनं पहिल्यांदा ऐकली, तेव्हा ती नवी नवरी होती. नलारबोरच्या माळावर झाड नावाला नाही, त्यामुळे आवाज अडायचा तरी कशाला? तो थेट तिच्या चुलीपाशी आला. उन्हानं रेल्वेचे रूळ वाकले की ते सरळ करायला कामगारांची गँग पहारी लावून ओळीनं उभी राहायची. मिर्को तीन ओळी गायचा. चौथी कुणीच गायची नाही. तिच्या जागी सगळ्यांचा एक 'हेऽऽ', आणि रूळ बोटभर सरकायचा.

पुढे तिचा नवरा रॉय वारला. मग मिर्कोची तिसरी ओळ हळूच तिच्या दाराकडे वळायला लागली.

"मुकादम, पुढचं सांगा की!" गँग चिडवायची.

"पुढचं तुमच्या पहारींचं काम, आळशांनो!"

वर्षं अशीच गेली. रुळांखाली सिमेंटचे स्लीपर आले, यंत्रं आली, गँग पांगली. आता वस्तीही मोडायची होती. आज वस्तीला किराणा आणि मटण पुरवणारी शेवटची रेल्वेगाडी ड्युल्सीला पूर्वेला, पोर्ट ऑगस्टाला लेकीकडे नेणार होती. उद्या मिर्को पश्चिमेला, कालगुर्लीला. तो एक शब्द बोलला तर आपण गाडीत चढायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण तो मुकाट्यानं तिच्या पेट्या चढवत होता.

"बाई, खाटकाच्या डब्यात बसवू का? गारवा आहे," गार्ड क्लेम म्हणाला.

"तूच बस. मेल्या, चार दिवस ताजा राहशील!"

मग ती मिर्कोकडे वळली. "एकदा हाक दे. कानात असू दे."

"गँग कुठंय?"

"मी आहे की."

त्यानं टोपी काढली. आवाज पिकला होता, पण माळ तोच होता.

"पूर्वेला गं उगवतो दिस, होऽ
पश्चिमेला मावळतो दिस, होऽ
मधी माझा जीव कासावीस, होऽ"

सवयीनं दोघंही थांबली. 'हेऽऽ' आलाच नाही. रूळ होता तिथंच पडून होता. इंजिनानं शिट्टी दिली. ड्युल्सीनं पायरीवर पाय ठेवला.

"थांब!" मिर्को टोपी चुरगाळत म्हणाला. "गँग नाही, म्हणजे चौथी मलाच म्हणायला हवी. यमक जुळायचं नाही, हसू नकोस. पोर्ट ऑगस्टाला जाऊ नकोस, ड्युल्सी. माझ्याबरोबर चल."