शेवटचं शून्य

दादा गेला आणि बसस्टँडच्या बोर्डाचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याने टाइप केलेल्या सगळ्या सूचना जुन्या फॉन्टात, आणि नवा बोर्ड युनिकोडशिवाय ढिम्म हलत नाही. म्हणून त्या बदलायला मी सी भाषेत प्रोग्राम लिहिला.

पहिलीच सूचना आली, ‘गाडी उशिरा सुटेल.’ आणि तिला चिकटून, ‘छोटे, जेवलीस का?’

मला छोटी फक्त तोच म्हणायचा. अंगावर सर्रकन काटा आला. मग स्वतःचाच राग आला. कप्पाळ माझं! सीमध्ये मजकूर संपला की शून्य टाकावं लागतं, नाहीतर प्रोग्राम मेमरीत पुढे जे असेल ते वाचत सुटतो. तेच मी विसरले होते. त्याच्या फायलीतलं जुनं काहीतरी उरलं असणार.

तरी तसाच पुन्हा चालवून पाहिला.

‘गाडी उशिरा सुटेल. छोटे, नवा चष्मा शोभतो तुला.’

चष्मा मी कालच घेतला होता.

मी शून्याची ओळ लिहिली. प्रोग्राम अजून चालवलाही नव्हता, तरी पडद्यावर अक्षरं उमटली.

‘शून्य नको टाकूस, छोटे. तिथेच मी संपतो.’